सणाचा सातबारा

दर वर्षी जूनचा तिसरा आठवडा आला की माझ्या मोबाइलवर सूर्य उगवतो तो थेट इंग्लंडातल्या स्टोनहेंजच्या दगडांमधून. इकडे आभाळ भरून आलेले, दोरीवरचे कपडे दोन दिवस झाले तरी दमट, आणि स्क्रीनवर सोनेरी पहाट. फोटोखालचा मजकूर ठरलेला असतो: युरोपातली माणसेही मूळची सूर्यपूजक, त्यांची पाच हजार वर्षांची परंपरा चर्चने चोरली आणि तिच्यावर संतांच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या. तासाभरात कोणीतरी उलटा वार करतो: हे सगळे हिप्पींचे खूळ, ड्रुइडांचे, म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांचे, पांढरे झगे कालपरवा शिवलेले, सेंट जॉनचा सण निखळ ख्रिस्ती. मग गाडी गोव्याकडे वळते. २४ जूनच्या सांजावाला, म्हणजे तिथल्या सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या मारणारी पोरे पोर्तुगिजांची नक्कल करतात की आपल्याच वरुणाची विसरलेली पूजा, यावर दोन दिवस रण माजते. तिसऱ्या दिवशी सगळे शांत, पुढच्या जूनपर्यंत.

या भांडणात दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते: जो आधीचा, तो मालक. मला तेच मान्य नाही. सातबाराचा उतारा ज्यांनी हाताळला आहे त्यांना ठाऊक असते की तो दोन नमुन्यांचा जोडकागद आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे. नमुना बारा सांगतो तिच्यात यंदा काय पेरले. अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या वा लहान दिवसाच्या, सणांबद्दल बोलणारे सगळे सातच्या नोंदीवर डोकी फोडतात, बाराकडे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की सणांच्या बाबतीत सातची नोंद बहुतेक वेळा खाडाखोडीची, अर्धी बनावट आणि वाचता न येणारी असते. ती वाचता आली तरी तिच्यावरून सण कोणाचा हे ठरत नाही. आपल्याकडे कूळकायद्याच्या चळवळीने ‘कसेल त्याची जमीन’ म्हटले. सणाचेही तेच.

आधी स्टोनहेंजचेच पाहू, कारण पाच हजार वर्षांचा दावा तिथूनच येतो. ते अवाढव्य दगड इसवीसनापूर्वी २५००च्या आसपास उभे राहिले. रचनेचा अक्ष अयनदिनांशी जुळतो, याबद्दल वाद नाही: उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्याच्या एका टोकाला सूर्य उगवतो. पण त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य मावळतो. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांची हाडे मोठ्या संख्येने सापडली. त्यांवरून अनेक पुरातत्त्वज्ञांचा तर्क असा की मोठ्या पंगती हिवाळ्यात उठत असाव्यात. म्हणजे ज्या पहाटेचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो तिच्याऐवजी त्या माणसांना बहुधा एका थंड संध्याकाळची ओढ होती. ड्रुइडांचे म्हणाल तर जूलियस सीझर इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्यांच्याबद्दल लिहितो, तेव्हा हे दगड दोन हजारांहून अधिक वर्षांचे झाले होते. त्या दोघांचे लग्न लावले ते १७४० साली विल्यम स्टुकली या इंग्रज पुरातत्त्वप्रेमी गृहस्थाने. आपल्याकडे याला बादरायण संबंध म्हणतात. एवढे मात्र म्हटले पाहिजे की याच स्टुकलीने अयनदिनाच्या सूर्योदयाशी असलेला दगडांचा मेळ नोंदवला. चुकीच्या माणसालाही बरोबर गोष्ट दिसते.

आणि उन्हाळ्यातल्या अयनदिनाला ब्रिटनमधले नवे पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवधर्म पुन्हा पाळू पाहणारे, लोक ‘लिथा’ म्हणतात, ते नाव तरी किती जुने? इसवीसन ७२५च्या सुमारास बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने जुन्या महिन्यांची यादी दिली, तिच्यात जून-जुलैच्या महिन्यांना हा शब्द आहे. पण तो महिन्याला, सणाला नव्हे. सणाला ते नाव १९७०च्या दशकात एका अमेरिकी माणसाने दिले. वर्षातल्या आठ सणांचे जे चक्र आज ‘प्राचीन’ म्हणून मिरवते, ते त्या रूपात १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये जुळवले गेले. म्हणजे ‘हिप्पींचे खूळ’ म्हणणाऱ्यांचे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात ते कसे फसतात, तिकडे येतोच.

त्याआधी ‘चर्चने चोरले’ म्हणणाऱ्यांचे जे बळकट पुरावे आहेत ते मोकळेपणाने मान्य करायला हवेत. ते कच्चे नाहीत. इसवीसन ६०१मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मगुरूला पत्र लिहिले: देवळे पाडू नका, आतल्या मूर्ती तेवढ्या फोडा, तीर्थ शिंपडा आणि तिथेच लोकांना जुन्या सवयीने जेवणावळी करू द्या. धोरण इतके स्पष्ट आहे की वेगळा पुरावा कशाला हवा? सातव्या शतकातल्या बिशप एलिजियस यांच्या नावावर असलेले एक प्रवचन सांगते की सेंट जॉनच्या दिवशी अयनाचे नाच-गाणे करू नका. १५०५ साली रशियातल्या प्स्कोव्हमध्ये पांफिल नावाचा मठाधिपती तक्रार करतो की या रात्री अख्खे गाव ढोल-बासरीच्या नादात वेडे होते. कोणी करतच नसेल तर मनाई कशाची? ‘येथे थुंकू नये’ ही पाटी कुठे लागते, हे आपल्याला सांगायला नको.

पण याच साक्षीदारांना जरा उलटतपासणीला उभे करा. सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका साक्षीदार आहे संत ऑगस्टीन. इसवीसन ४००च्या आसपास, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आपल्या एका प्रवचनात तो चिडून म्हणतो की जॉनच्या जन्मदिवशी लोक समुद्रावर जाऊन आंघोळ करतात, हे पेगन खूळ आहे. कोण लोक? त्याचा शब्द आहे: ख्रिस्ती. त्याच्याच चर्चमध्ये बसणारी, त्याचेच प्रवचन ऐकणारी माणसे. म्हणजे चोर आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो, दोघे एकच आहेत. एकीकडे पेगन आणि दुसरीकडे ख्रिस्ती अशा दोन फौजा समोरासमोर उभ्या आहेत, हे चित्र प्रवचनकाराच्या डोक्यातले. समुद्रात उतरणाऱ्या बाईच्या डोक्यात ते असेलच असे नाही. तुकोबांनी शेंदूर फासलेल्या देवांना कमी झोडपले का? म्हणून गावच्या वेशीवरचा म्हसोबा ओस पडला नाही, आणि त्याला नारळ फोडून वारीला निघालेल्या माणसाला आपण दोन धर्म पाळतो असे कधी वाटले नाही. मुळात ‘पेगन’ हे कोणी स्वतःला लावलेले नावच नव्हे. लॅटिनमध्ये पागानुस म्हणजे खेडवळ, गावंढळ. शहरी ख्रिस्त्यांनी बाकीच्या सगळ्यांना एकाच गोणीत भरून वर बांधलेली ही चिठ्ठी. गोणीच्या आत एक धर्म होता, त्याची एक परंपरा होती आणि ती कोणीतरी उचलून नेली, हे सांगायला गोणीबाहेरचा पुरावा लागतो.

२४ जून ही तारीख तरी अयनाची म्हणूनच उचलली का? अंशतः असेल. रोमन लोक अयनदिन परंपरेने त्याच तारखेला धरत. पण तारखेला बायबलचा हिशेबही आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेला सांगतो की तुझ्या नात्यातली एलिझाबेथ सहा महिन्यांची गरोदर आहे. मग येशूचा जन्म २५ डिसेंबरला धरला की एलिझाबेथच्या मुलाचा, योहानाचा, म्हणजेच सेंट जॉनचा, जन्म सहा महिने आधी पडतो. रोमन पद्धतीने पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे आठ मोजले की डिसेंबरात २५ येते आणि तीसच दिवसांच्या जूनमध्ये २४. ऑगस्टीनला यात आणखी गंमत दिसली होती. योहान म्हणतो, त्याची वाढ व्हावी आणि मी कमी व्हावे. आणि खरेच योहानाच्या जन्मापासून दिवस घटू लागतो, येशूच्या जन्मापासून वाढू लागतो. ज्या माणसाला सूर्य दिसतो त्याला तो दिसतोच, मग तो बिशप का असेना. सूर्य उत्तरेकडे जाता जाता थांबल्यासारखा होतो आणि मागे वळतो, ही घटना कोणाच्या मालकीची?

लाटव्हियाचे उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत सुरेख वाटते. तिथे २३ जूनला लीगो आणि २४ला याणी. बायका रानफुलांच्या मुंडावळ्यांसारखे मुकुट घालतात, पुरुष ओकच्या पानांचे. शहाजिऱ्यासारखे दाणे घालून केलेले घरचे चीज, बिअर, आणि प्रत्येक ओळीनंतर ‘लीगो, लीगो’ असे पालुपद असलेली गाणी. शेकोटी पहाटेपर्यंत पेटती ठेवायची, त्या रात्री झोपायचे नाही. या देशातल्या लोकगीतांचा जो संग्रह क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात सिद्ध केला त्यात दोन लाखांहून अधिक ओव्यांसारखी छोटी गाणी आहेत. लाटव्हियन माणसाला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल की हा आमचा ख्रिस्तपूर्व सण. आणि सणाचे नाव? याणी म्हणजे यानिसचा सण, आणि यानिस म्हणजे योहान. ज्याच्या येण्याची गाणी रात्रभर गातात, त्या ‘मूळ देवा’ला नाव बाप्तिस्मा देणाऱ्या संताचे! पूर्वेकडच्या स्लाव लोकांत हाच सण इवान कुपाला, तिथेही हेच: इवान म्हणजे योहान. कुपाला हा आंघोळीशी जोडलेला शब्द. ‘कुपालो नावाचा देव होता’ हे पहिल्यांदा लिहिले गेले सतराव्या शतकातल्या एका बखरीत. सण आधी होता, त्याला शोभेलसा देव नंतर सापडला. आता सांगा, वडाची साल पिंपळाला कोणी लावली? चर्चने गावाला लावली, की गावाने चर्चला?

पेरूमध्ये तर पत्ते पूर्णच उलटे पडतात. कुस्कोत २४ जूनला इन्कांचा सूर्योत्सव होतो, इंती रायमी. दक्षिण गोलार्धात तो हिवाळ्यातला अयनदिन. स्पॅनिश सत्तेने सोळाव्या शतकात हा उत्सव बंद केला. १९४४ साली गार्सिलासो दे ला वेगा या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लेखकाने केलेल्या वर्णनावरून तो नाट्यप्रयोगासारखा पुन्हा उभा केला गेला. दिवस कोणता निवडला? अयनदिन येतो २१ जूनच्या आसपास. सण ठेवला २४ला, सेंट जॉनच्या दिवशी. इथे स्थानिक लोकांनी संताच्या जागेवर आपला देव बसवला. ही चोरी म्हणायची का? पलीकडे ब्राझीलच्या ईशान्य भागात सेंट जॉनचा महिना म्हणजे मक्याचा महिना: मक्याची पक्वान्ने, शेकोट्या आणि अॅकॉर्डियन, ऐन हिवाळ्यात. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात त्याच रात्री लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकच्या हातोड्या मारतात. त्या हातोड्या १९६०च्या दशकातल्या, त्याआधी लसणाच्या फुलोऱ्याचे दांडे असत. एकच तारीख, एकच संत, आणि नमुना बारावर प्रत्येक गावचे पीक वेगळे.

तारीख सूर्यापासून सरकली म्हणून सण खोटा ठरतो, असा एक युक्तिवाद हुशार मंडळी करतात. ते मराठी असतील तर त्यांनी जरा जपून बोलावे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला सरतो आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. अयनबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर हळूहळू मागे सरकतात, आपली पंचांगे ताऱ्यांना धरून बसली, त्यामुळे संक्रांत उत्तरायणापासून तीन आठवड्यांहून जास्त लांब गेली आहे. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत ती १० जानेवारीला येते, कारण आरंभबिंदू कुठे धरायचा यावर आपल्याकडच्या पंचांगकारांचे पटलेच नाही. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९५७च्या मार्चपासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आली, आणि तिच्यात १ आषाढ बरोबर २२ जूनला, अयनदिनाला लागून बसवला. सरकारी पत्रांवर आणि आकाशवाणीवर ती तारीख येते. तिच्याप्रमाणे कोणी सण केला? शास्त्र बरोबर आहे म्हणून तिळगूळ डिसेंबरात वाटला नाही आणि जानेवारीतला कमी गोड लागला नाही. युक्रेनमधल्या मुख्य ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३मध्ये जुने कॅलेंडर सोडले आणि इवान कुपालाची रात्र ६-७ जुलैवरून जूनमध्ये आली. युद्ध चालू असताना. कारण खगोलाचे नव्हते, मॉस्कोपासून दूर होण्याचे होते. सणाच्या तारखा सूर्यापेक्षा शेजाऱ्यांकडे जास्त पाहतात.

मग उत्तरेकडच्या माणसाला हा दिवस एवढा का भिडतो आणि आपल्याला का नाही? सूर्यपूजेचा वारसा आपल्याकडे कमी म्हणून? लाटव्हियाची राजधानी रीगामध्ये या दिवशी सुमारे अठरा तास उजेड असतो आणि डिसेंबरात पावणेसात तास. मुंबईत सव्वातेरा आणि अकरा. त्यातून आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मुंबईच्या डोक्यावर सूर्य मेच्या मध्यावर येऊन पुढे उत्तरेला निघून गेलेला असतो, पणजीच्या डोक्यावर मेच्या पहिल्याच आठवड्यात. २१ जूनला गोव्यात भर दुपारी ऊन पडलेच तर सावली दक्षिणेला पडते. दिवस मोठा, पण उन्हाचा कळस केव्हाच झालेला, आणि ऊन आहेच कुठे? कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा, तो याच दिवसाला आर्द्रा लागल्या म्हणेल आणि यंदा वाहन बेडूक की हत्ती, हे पंचांगात पाहील. सूर्य त्याच जागी, त्याच दिवशी. पण रीगाच्या माणसाला तो उजेडाचा आणि रोहे-माणगावच्या माणसाला पावसाचा निरोप आहे. ‘सगळे जग मूळचे एकच सूर्यपूजक’ या वाक्यात हा सगळा भूगोल बुडून जातो. जुनेपणाचा मोह आपल्यालाही सुटलेला नाही, हेही लक्षात ठेवावे: उषेच्या सूक्तांतली लांबलेली पहाट वाचून टिळकांनी १९०३ साली आर्यांचे घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. विद्वत्ता अफाट होती. घर काही तिथे सापडले नाही.

आता या मांडणीवरचा खरा आक्षेप. तो मला स्वतःला छळतो. जुनेपणाला किंमत नाही म्हटले की ज्यांनी दडपले त्यांचे फावत नाही का? गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून लग्नातल्या गाण्यांपासून घरगुती चालीरीतींपर्यंत कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. लाटव्हियात १९६०च्या दशकात सोव्हिएत सत्तेने याणीचा सण कॅलेंडरातून पुसला. लोक परसात शेकोट्या पेटवत राहिले. ज्यांच्याकडून हिसकावले गेले त्यांनी ‘हे आमचे होते’ म्हणायचे नाही, असे मी सुचवतो आहे का?

नाही. पण बंदी अन्यायाची ठरायला सण जुना असावा लागत नाही. याणी ख्रिस्तपूर्व निघाला काय किंवा एकोणिसाव्या शतकातल्या कोणा मास्तराने रचलेला निघाला काय, परसात शेकोटी पेटवणाऱ्याच्या दारात शिपाई उभा करणे तितकेच वाईट. उलट अन्यायाचा दावा प्राचीनतेवर उभा केला की तो अन्याय करणाऱ्याच्या हातात कोलीत देतो: दाखवा कागद. आणि कागद नसतोच. स्टोनहेंजलाच हे घडले. १९७४पासून दर जूनला तिथे मोकळी जत्रा भरू लागली होती. १९८५मध्ये पोलिसांनी तिकडे निघालेला ताफा अडवला, मारहाण झाली, पाचशेहून जास्त माणसे पकडली. पुढे कितीतरी वर्षे अयनदिनाला दगडांपाशी जाता येत नव्हते. ‘यांची परंपरा कसली, कालची पोरे’ हे त्या वेळी सर्रास म्हटले जाई, आणि इतिहास म्हणून ते खरेच होते. पण १९९९ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला तो तिथल्या रस्त्याच्या कडेला शांतपणे जमण्याच्या हक्काबद्दल, ड्रुइडांच्या वंशावळीबद्दल नव्हे. २०००पासून दगड पुन्हा खुले झाले. ‘हिप्पींचे खूळ’ म्हणणारे फसतात ते इथे. खूळ पन्नास वर्षे टिकले, त्यासाठी लोकांनी मार खाल्ला आणि आता हजारो माणसे त्या पहाटे तिथे येतात. याला सण नाही तर काय म्हणायचे? २१ जूनचा योगदिनही २०१५चाच आहे.

जुनेपणाचे माप लावण्यात दुसरा धोका त्याहून मोठा. ते माप हाती असले की आज काय पेरले जाते आहे, हे विचारायचे राहून जाते. याकोब ग्रिमपासून एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी खेड्यातल्या प्रत्येक होळीत जर्मानिक देवांचे अवशेष शोधले. हेतू बिचाऱ्यांचा विद्येचा होता. शंभर वर्षांनी हिटलरच्या एसएस दलाने त्याच ‘प्राचीन’ अयनदिनाच्या होळ्या पेटवल्या आणि भोवती गणवेशातली पोरे उभी केली. कोणी विचारले नाही, कारण सण ‘आपला’ आणि ‘जुना’ होता. डेन्मार्कमध्ये सेंट हान्सच्या, म्हणजे सेंट जॉनच्याच, रात्री आजही शेकोटीवर चेटकिणीची बाहुली जाळतात. पाहुण्याला वाटते, केवढी आदिम प्रथा! शेकोटी जुनी आहे. चेटकीण साधारण १९००नंतरची, जर्मनीकडून आलेली फॅशन. खऱ्या बायका मात्र तिथे सोळाव्या-सतराव्या शतकांत जाळल्या गेल्या. शेवटचा कायदेशीर बळी १६९३मध्ये आने पालेस. तेव्हा ही बाहुली ठेवावी का, हा वाद तिथे होतो तेव्हा एक जण म्हणतो जुनी आहे, राहू द्या; दुसरा म्हणतो नवी आहे, फेकून द्या. दोघेही हातातल्या बाहुलीकडे पाहत नाहीत. बाईची आकृती जाळून मुलांना टाळ्या वाजवायला शिकवायचे का, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही शतकात सापडणार नाही. होलिकेबद्दल आपल्याकडे कोणी बोलले तर आपणही आधी पुराण उघडतो.

गोव्याबद्दल मी तटस्थ नाही, हे सांगून टाकतो. माझी सासुरवाड बार्देशातली. घर हिंदू, शेजार ख्रिस्ती, मध्ये एक विहीर. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये पुण्याहून गेलेला मी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. बाहेर पाऊस, आणि पावसातून घुमट या मातीच्या वाद्याचा आणि कासाळ्यांचा, म्हणजे झांजांचा, आवाज जवळ येत गेला. पंधरा-वीस पोरे, डोक्यांवर रानवेली, पाने आणि फुलांची कोपेलां, म्हणजे मुकुट, सगळी चिंब. ‘व्हिवा सांजाव!’ शेजारच्या आंटींनी ओसरीवर येऊन न विचारता माझ्याही डोक्यावर एक कोपेल ठेवले. ओल्या पानांचा आणि मुंग्यांचा वास. मी चाचरत म्हटले, आम्ही हिंदू ना. त्यावर त्यांचे उत्तर: ‘जांवय म्हळ्यार जांवय!’ जावई म्हणजे जावई. सांजावाला नव्या जावयाचा मान असतो. योहानाने आईच्या पोटात आनंदाने उडी मारली, म्हणून विहिरीत उडी, असे त्या सांगतात. पोहता येत नसल्यामुळे मला कमरेला दोर बांधून उतरवले, एवढाच काय तो अपमान.

आता मी जर वादातल्यासारखा विचार केला तर मलाही साखळी जोडता येईल, आणि ती मोह पडावा अशी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ऑगस्टीनला दिसलेली समुद्रस्नाने. १३३३ साली कोलोनमध्ये कवी पेत्रार्कला सेंट जॉनच्या पूर्वसंध्येला ऱ्हाइनमध्ये हात धुणाऱ्या बायका दिसल्या, त्या. मग पोर्तुगाल, मग गलबत, मग ही विहीर. किंवा दुसऱ्या बाजूने: मृगाचा पाऊस, आर्द्रा, भरलेल्या विहिरीची पूजा, वेलींचे मुकुट, जावयाचा मान. दोन्ही साखळ्या सुरेख दिसतात आणि दोन्हींच्या मधल्या कड्या मी माझ्या पदरच्या घातलेल्या आहेत. युरोपात या रात्री आग असते, कारण तिथे लाकूड सुके असते. गोव्यात २४ जूनला काडी पेटत नाही. विहीर मात्र काठोकाठ असते. उन्हाळ्याचा सण पावसाळ्याच्या गावी आला आणि पावसाळ्याचा झाला. तो पोर्तुगिजांचा की आमचा, हे विचारायला त्या पोरांपैकी कोणी थांबले नाही. पुढच्या घरी फेणी होती.

यंदा पुन्हा गेलो होतो. आंटी आता उठत नाहीत, कोपेल त्यांची सून करते. घुमट आहेत, पोरे जरा कमी आहेत. बरीच बाहेरगावी, काही लंडनला. ज्या वाड्यावर लग्नाच्या वर्षी सात विहिरींत उड्या पडल्या होत्या तिथे यंदा तिघींत पडल्या. दोघींवर लोखंडी जाळी बसली आहे, आत मोटार. एक बुजवून तिच्यावर पाहुण्यांसाठी गाड्या लावायची जागा झाली. सातवीचे पाणी शेजारच्या नव्या इमारतीच्या सांडपाण्याने काळे पडले आहे. तिच्या काठावर पोरे दोन मिनिटे उभी राहिली, घुमट वाजवले आणि उडी न मारता पुढे गेली. गोव्यात सातबाराला एक-चौदाचा उतारा म्हणतात. त्या बुजवलेल्या विहिरीची जागा कोणाच्या नावावर लागली आहे, हे मी अजून पाहिलेले नाही.